खिडकीतून आलेली वायर

स्टुटगार्ट

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेला नव्या इलेक्ट्रिक गाडीचा फोटो पाहिला. अंबाबाईचे दर्शन घेऊनच गाडी घरी आणलीत हे वाचून फार बरे वाटले. मात्र त्याच फोटोत न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर काढलेली काळी एक्स्टेन्शन वायर आणि खिळ्याला टांगलेले तिचे वेटोळे दिसले, तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. हे पत्र त्या वायरीसाठीच लिहीत आहे.

तुम्ही म्हणाल, ज्या सॉकेटवर इतकी वर्षे गिझर चालला, त्यावर गाडी चार्ज करायला काय हरकत आहे? फरक वेळेचा आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र १५ अँपिअरचा प्रवाह आठ-नऊ तास सलग ओढत राहते. सॉकेटमागचा एखादा स्क्रू सैल असेल किंवा आतल्या पितळी पट्टीची पकड ढिली झाली असेल, तर तेवढ्या जागी रोध वाढतो. तो अवघा ०.२ ओहम असला, तरी १५ अँपिअरला तिथे ४५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे नखाएवढ्या जागेत रेडिओ दुरुस्तीचे सोल्डरिंग आयर्न रात्रभर तापत ठेवल्यासारखेच. प्रवाह वाढलेला नसल्यामुळे एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच, पडत नाही, आणि घरातले सगळे झोपलेले असतात. वेटोळे करून टांगलेल्या वायरीचेही तेच. तिची उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी तळघरातल्या साध्या सॉकेटवर गाडी लावत असे. एका पहाटे खाली गेले, तर जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. पिन ओढून काढली, तेव्हा बोटांना चटका बसला आणि सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी कडे उमटलेले दिसले. इथले घरगुती सॉकेट १६ अँपिअरचे असले, तरी तासन्‌तास वापरायचे तर १० अँपिअरच्या पुढे जाऊ नये असे का सांगतात, ते मला त्या दिवशी कळले.

म्हणून बाबा, ती वायर आजच काढा. वायरमनला बोलावून मेन बोर्डापासून थेट गाडीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची स्वतंत्र लाइन, मध्ये कुठेही जोड न देता, ओढून घ्या. तिला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. पुढे ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर घ्यायचा असेल, तर तार ६ चौरस मिलिमीटरची लागेल आणि आधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल.

अर्थिंगविषयी मात्र कोणाचेही ऐकू नका. आपल्या जुन्या घराचे अर्थिंग कधी तपासले होते, ते मला आठवत नाही. अर्थिंग नसले की बरेच चार्जर चालूच होत नाहीत, आणि मग काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) व अर्थ एकमेकांना जोडून चार्जरची फसवणूक करतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते आणि ओल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने दाराला हात लावला तर जीवावर बेतते. आई रोज पहाटे तिथेच सडा घालते. नवीन अर्थिंगचा खड्डा घेण्याचा खर्च मी पाठवते. कृपया नाही म्हणू नका.

सॉकेट २०१९ च्या महापुरातल्या पाण्याच्या खुणेहूनही वर बसवायला सांगा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली, की पिन काढून गाडी उंचावरच्या रस्त्यावर नेऊन ठेवा. गाडी पाण्यात बुडालीच, तर ती सुरू करू नका आणि चार्जिंगलाही लावू नका; कंपनीच्या माणसांनाच बोलवा.

बॅटरीची स्वतःची काळजी गाडीतली यंत्रणा घेते. रोज ८० टक्क्यांवर थांबायचे की आठवड्यातून एकदा १०० टक्के करायचे, हे बॅटरीच्या प्रकारावर ठरते आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. एवढे पान वाचून घ्या.

वायरमन येईल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लावा. आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबल्यावर तो खटकन पडतो का, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहे. तोवर गाडी बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवरच चार्ज करा.

आईला नमस्कार.

आपली लेक