रविवारच्या बैठकीविषयी: पैसा, भीती आणि विश्वास

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर सभागृहात पैशाच्या भीतीवर बोलायला बसायचं आहे. घरून बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १६ वा अध्याय वाचून या.

रानात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेला अन्नाचा वाटा, रोज मिळत होता, तरी काहींनी 'उद्याचं काय' म्हणून तो सकाळपर्यंत ठेवला. त्यात किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवायला देवानेच सांगितलं होतं. तो नासला नाही. म्हणजे बचत हे पाप नव्हे. पासबुक उघडायचीच धास्ती, दुखणं अंगावर काढायचं पण डॉक्टरकडे जायचं नाही, नवऱ्याला न सांगता डब्याच्या तळाशी नोटा दडवायच्या, हे मात्र बचतीत मोडत नाही. ज्यांनी खरी टंचाई भोगली त्यांना ही सवय लागते, म्हणून कुणी कुणाला हसू नये.

बँक बुडेल म्हणून पैसे घरात ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या: २०२० पासून विमाधारक बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. नामनिर्देशन, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कुणाला द्यायचे त्याचं नाव खात्यावर नोंदवणं, झालंय का, तेही पाहून घ्या. देवावर भरवसा ठेवणाऱ्यानेही एवढं करावंच.

येताना बायबल आणि वही आणा. नवराबायकोने शक्यतो जोडीने यावं. कुणाचंही उत्पन्न विचारलं जाणार नाही, वर्गणीही नाही. कर्जाचा ताण असलेल्यांनी पाळकसाहेबांना आधी एकांतात भेटलं तरी चालेल.