अ‍ॅक्युपंक्चर : किती सिटिंगनंतर थांबायचं ते आधी सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत अ‍ॅक्युपंक्चरवर लेख आला होता, त्यात गुडघेदुखीपासून वंध्यत्वापर्यंत सगळ्यालाच सुया लागू पडतात असं दिलंय, आणि मग पुढच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र की हे सगळं थोतांड आहे, सरळ बंदी घाला. दोन्ही वाचून राहवेना म्हणून लिहितोय. मी फिजिओथेरपी करून रिटायर झालेला माणूस, सोलापूरचा. सुया टोचणं हा माझा धंदा नाही, पण कंबर, मान, गुडघा घेऊन येणारे बरेच पेशंट माझ्याकडून सुयावाल्यांकडे नाहीतर त्यांच्याकडून माझ्याकडे असे फिरत असायचे, त्यामुळे या विषयावर काय काय छापून येतं ते वाचायची सवय लागली ती लागलीच.

लेखवाले आणि थोतांडवाले, दोघांनीही जर्मनीतली एकच ट्रायल नीट वाचली असती तर निम्मं भांडण मिटलं असतं. तिथल्या आरोग्य विमा फंडांना ठरवायचं होतं की अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे द्यायचे का नाही, म्हणून मोठमोठ्या ट्रायल्स झाल्या. जुनाट कंबरदुखीच्या ट्रायलमध्ये ११६२ पेशंट होते आणि तीन गट केले. एकाला चिनी शास्त्राप्रमाणे खऱ्या पॉइंटवर सुया, दुसऱ्याला पॉइंट सोडून भलतीकडेच आणि वरवर टोचलेल्या सुया, आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार म्हणजे गोळ्या, व्यायाम, फिजिओ. सहा महिन्यांनी बघितलं तर पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के. तिसऱ्या गटात आम्ही फिजिओवाले होतो हो, ते वाचून मला जरा बोचलंच.

आता या आकड्यांतनं ज्याला जे हवं ते उचलता येतं. अ‍ॅक्युपंक्चरवाला म्हणणार बघा, नेहमीच्या उपचारांपेक्षा किती पुढे. विरोधक म्हणणार बघा, खोट्या सुयासुद्धा तेवढंच काम करतात, म्हणजे तुमचे ते मेरिडियन आणि ची, म्हणजे शरीरातल्या ऊर्जेच्या वाटा आणि ती ऊर्जा, वगैरे गेलं उडत. मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि पेशंटच्या दृष्टीने सोडवायचा प्रश्न वेगळाच आहे, की माझ्या या दुखण्याला, इतक्या पैशात, इतक्या दिवसांत फरक पडेल का आणि नाही पडला तर कधी थांबायचं. जर्मन विमा फंड २००७ पासून कंबर आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी पैसे देतात. बाकी रोगांसाठी नाही, हे आपल्याकडच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही.

खोटी सुई म्हणजे काय असाही प्रश्न पडेल. एक प्रकार वर सांगितला, भलतीकडे वरवर टोचलेली. दुसरा असा : १९९८ मध्ये जर्मनीतच एक सुई निघाली, तिचं टोक बोथट, टोचल्यासारखं वाटतं पण ती आत न जाता दांड्यातच सरकते, नाटकातल्या खंजिरासारखी. पेशंटला कळत नाही. पण सुई मारणाऱ्याला कळतंच ना, त्यामुळे औषधाच्या ट्रायलसारखं दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी इथे सहसा बांधता येत नाही, हा या सगळ्या संशोधनातला कच्चा दुवा आहे.

२०१८ मध्ये ३९ ट्रायल्समधल्या २०,८२७ पेशंटचा एकेकाचा डेटा एकत्र करून तपासला, सगळे जुनाट दुखण्याचे, पाठ, मान, खांदा, गुडघा, डोकेदुखी. निघालं असं की खरी सुई खोटीपेक्षा पुढे आहे पण थोडीशीच, आणि काहीच न टोचण्यापेक्षा बऱ्यापैकी पुढे. वर्षभरानंतरही फायदा फारसा ओसरत नाही, साधारण १५ टक्के कमी होतो. मायग्रेनचंही असंच, कोक्रेन, म्हणजे जगभरच्या ट्रायल्स एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०१६ च्या आढाव्यात खरी सुई घेतलेल्यांपैकी ५० टक्क्यांची डोकेदुखी निम्म्यावर आली तर खोटी घेतलेल्यांपैकी ४१ टक्क्यांची. म्हणजे फरक आहे, पण चमत्कार वगैरे नाही.

पद्धतींबद्दलही लेखात खूप होतं, साधी सुई, करंट लावलेली सुई, कानातली सुई, मोक्सा (पॉइंटवर औषधी पाला जाळून दिलेला शेक), लेझर, आणि प्रत्येकीचं वेगळं माहात्म्य. करंटवाल्या पद्धतीचा आधार त्यातल्या त्यात बरा. चीनमधल्या प्रा. हान यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की करंट सेकंदाला दोनदा, म्हणजे २ हर्ट्‌झला शरीरात एक प्रकारची वेदनाशामक द्रव्यं सुटतात आणि १०० हर्ट्‌झला दुसऱ्या प्रकारची. १९७७ मध्ये दातदुखीवरच्या एका प्रयोगात सुईने आलेला आराम नॅलोक्सोन दिल्यावर गेला, म्हणजे अफू उतरवायच्या औषधाने. तेव्हा आत काहीतरी घडतं हे नक्की. पण कानातली सुई भारी का पायातली, चिनी पद्धत भारी का जपानी, यात मोठ्या ट्रायल्समध्ये सांगण्यासारखा फरक सापडलेला नाही. आणि आमचे फिजिओ मंडळी ज्याला ड्राय नीडलिंग म्हणतात ती सुईही तीच हो, फक्त पॉइंटला ट्रिगर पॉइंट, म्हणजे स्नायूतली दुखरी गाठ, म्हणायचं. आमच्यातले काही जण हे मान्य करायला तयार नसतात, पण असो.

एक पॉइंट मात्र मनापासून सांगण्यासारखा, मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात त्यांच्या मधोमध. पीसी-६ म्हणतात त्याला. ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलटीवर ५९ ट्रायल्स झाल्यात, साडेसात हजारांवर पेशंट, आणि उलटीच्या औषधांच्या जवळपास बरोबरीने फायदा दिसलाय. सुईच हवी असंही नाही, दाबपट्टीही चालते.

आता मला राग कशाचा येतो ते सांगतो. माझ्या भाचीला पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित होते आणि बीज नीट सुटत नाही तो त्रास, मूल होत नाही म्हणून एका क्लिनिकमध्ये गेली तर तिला सुयांचं पॅकेज विकलं, पैसे आधी, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली गोळी म्हणे बंद करा, उष्णता वाढते. चीनमध्येच, जिथलं हे शास्त्र आहे तिथेच, १००० बायकांवर ट्रायल झाली आणि २०१७ मध्ये छापून आली. गोळी आणि खऱ्या सुया घेतलेल्यांमध्ये २९.४ टक्के बायकांना मूल झालं, गोळी आणि खोट्या सुयांमध्ये २८ टक्के. गोळी खोटी आणि सुया खऱ्या अशा गटात १३.९ टक्के. म्हणजे काम केलं ते गोळीने! आयव्हीएफचंही (टेस्ट ट्यूब बेबी) तेच, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर बघितलं, सुईने १८.३ टक्के आणि खोट्या सुईने १७.८. हे सगळं छापलेलं आहे, लपलेलं नाही, आणि तरी आमच्याकडे "आयव्हीएफपूर्वी सुया घ्या, यश वाढवा" अशा जाहिराती राजरोस चालतात. तुमच्या पेपरातही येतात, राग मानू नका.

आणि हो, चीनमधल्या जुन्या ट्रायल्स वाचताना जपून. १९९८ च्या एका तपासणीत असं दिसलं होतं की तिथून आलेली अ‍ॅक्युपंक्चरची झाडून सगळी ट्रायल यशस्वी. एकही नापास नाही म्हटल्यावर कुणालाही शंका येणारच. ही पीसीओएसची ट्रायल तिथलीच असून नापास झाली आणि छापलीही गेली, म्हणून मला ती जास्त विश्वासाची वाटते.

थोतांडवाल्या वाचकांसाठीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत आयबीएसच्या, म्हणजे पोटात सारखं दुखणं आणि जुलाब-बद्धकोष्ठ होणाऱ्या, २६२ पेशंटवर एक प्रयोग झाला, त्यात सुया सगळ्याच खोट्या. एका गटाला काहीच नाही, नुसतं वेटिंग लिस्टवर, त्यांच्यात २८ टक्क्यांना बरं वाटलं. दुसऱ्याला खोट्या सुया पण मारणारा गप्प, ४४ टक्के. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया पण मारणारा नीट बसून चौकशी करणारा, ऐकून घेणारा, ६२ टक्के. आता आमच्या ओपीडीत पेशंटला दोन मिनिटं मिळतात, ती पण फाईल शोधण्यात जातात, आणि अ‍ॅक्युपंक्चरवाला पाऊण तास देतो, कुठे दुखतं झोप कशी लागते सगळं विचारतो, तर लोक त्याच्याकडे का जाणार नाहीत? याला नुसतं प्लासिबो, म्हणजे खरं औषध नसताना आलेला गुण, म्हणून नाक मुरडण्यात काही अर्थ नाही, आपल्या ओपीडीत काय कमी आहे तेही त्यातनं दिसतं.

जाता जाता, आमच्याकडे शिबिरांच्या बॅनरवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो असतो, जणू त्यांनीच सुया आणल्या. कोटणीस सोलापूरचे, सर्जन, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकात चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले. सुया शिकून भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, त्याही कितीतरी वर्षांनी, आणि कोलकात्यात सुरू केल्या. फोटो लावायचाच तर दोघांचा लावा.

आता मुद्द्यावर येतो. महाराष्ट्रात २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चर कायदा आहे, केंद्रानेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा बंदी घाला म्हणण्याचे दिवस गेले. पण रजिस्ट्रेशन दिलं म्हणजे काम संपलं असं नाही ना. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे तिथला मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी पैसे देते त्याचा नियम बघा : ९० दिवसांत जास्तीत जास्त १२ सिटिंग, फरक पडला तर आणखी ८, वर्षाला २० च्या वर नाही, आणि फरक पडत नसेल तर तिथेच बंद. इतका साधा नियम. आपल्याकडे तो पाळायला कुणी विमा कंपनी मागे लागलेली नाही, पेशंट खिशातनं देतो, म्हणून तर तो जास्त लागू व्हायला पाहिजे. राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिलने प्रत्येक क्लिनिकला सांगावं की केसपेपरवर तीन ओळी पहिल्याच दिवशी लिहायच्या, कोणत्या तक्रारीसाठी सुया देतोय, किती सिटिंगनंतर फरक मोजणार, आणि फरक नसला तर थांबणार. पॅकेजचे पैसे आगाऊ घेणं बंद. आणि दुसऱ्या डॉक्टरचं औषध बंद करायला सांगितलं तर ती सरळ तक्रारीची बाब धरायची. तुम्हीही पुरवणीत लेख छापताना लेखकाचं स्वतःचं क्लिनिक असेल तर खाली तसं लिहा, आमच्यासारख्यांना वाचताना अंदाज येतो.

आपला,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सोलापूर

ता. क. : सुया तशा सुरक्षित आहेत, जर्मनीत २,२९,२३० पेशंटची नोंद ठेवली तेव्हा ८.६ टक्क्यांना काहीतरी त्रास झाला पण तो बहुतेक रक्ताचा थेंब, काळंनिळं, थोडी दुखी असाच. फुप्फुसाला भोक पडून हवा भरल्याच्या दोन केसेस मात्र होत्या, म्हणून छाती आणि खांद्याच्या सुया नवशिक्याकडून नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल (मग करंटवाली सुई नकोच), दिवस गेलेले असतील, तर विचारायची वाट न बघता आधीच सांगा. आणि सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा.