पुढचं पुस्तक मागच्याला विचारावं

दांडिया बाजार, वडोदरा
६ नोव्हेंबर

प्रिय कुमुद,

तुझं पत्र परवा मिळालं. विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी वाचून झाली, दोन दिवस कशात लक्ष लागलं नाही, आता पुढे काय वाचू ते सांग, असं तू लिहिलंस. खाली एक ओळ जोडलीस : "सून म्हणते, आई, कादंबऱ्या पुरे झाल्या, आता जरा माहितीचं काही वाचा." मला आधी त्या ओळीबद्दलच बोलायचंय. कादंबरी की माहितीचं, हे ठरवून कपाटासमोर उभं राहिलं की हात पुस्तकाकडे जातच नाही. घरात न वाचलेली इतकी पुस्तकं असून तू महिनाभर नुसती चाळत बसतेस, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

मी काय करते सांगू? नुकतंच मिटलेलं पुस्तक मनात काय बाकी ठेवून गेलं, ते बघते. कधी एखादी शंका राहते, कधी एखादी व्यक्ती पाठ सोडत नाही, कधी एखादं गाव डोळ्यांपुढून हलत नाही. जे राहिलं असेल ते एका वाक्यात कागदावर लिहून काढते. पुढचं पुस्तक त्या वाक्यातून निघतं. मग ते कादंबरीच्या कपाटातलं असो की इतिहासाच्या.

तुझ्या पत्रात अशी दोन वाक्यं आहेत, तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. पहिल्या पानावर तू विचारतेस, "भाऊ एवढे दिवस तिथे अडकून का बसले? मागे का फिरले नाहीत?" आणि शेवटी, सही करता करता, "पार्वतीबाईचं पुढे काय झालं असेल गं?" पहिलं भाऊंचं, म्हणजे पानिपतावर मराठी फौज नेणाऱ्या सदाशिवरावांचं, दुसरं त्यांच्या बायकोचं. या दोन वाक्यांच्या दोन वाटा आहेत आणि त्या दोन वेगळ्या पुस्तकांकडे जातात.

पहिलं वाक्य जास्त छळत असेल तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' घे. मराठीत ते १९६१ साली आलं, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ची. कादंबरीनं तुला भाऊंच्या डेऱ्यात नेऊन बसवलं. शेजवलकर तुला नकाशापुढे बसवतील. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेचं कुंजपुरा हे ठाणं घेतलं, तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्या मधोमध बसला. म्हणजे मागे फिरायचं तर अब्दालीला तुडवूनच फिरायला हवं होतं. गोविंदपंत बुंदेले शत्रूच्या पिछाडीला राहून त्याची रसद तोडत होते, ते डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका-मुलं होती, यात्रेकरू होते. त्या सगळ्यांना खायला काय घालायचं? एवढं समजलं की १४ जानेवारीची सकाळ वेगळीच दिसू लागते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर भाऊंच्या स्वभावात थोडं आणि दाण्यागोट्यात जास्त आहे, असं माझं मत झालंय. शेजवलकरांची भाषा थोडी करडी आहे, पण ती वाट सोडू नकोस. आणि हो, आपले बडोद्याचे दामाजीराव गायकवाड त्या लढाईत होते आणि तिथून जिवंत परतले. बडोद्यात वाढलेल्या आपल्याला ते शाळेत कुणी नीट सांगितलं नव्हतं.

दुसरं वाक्य छळत असेल तर मात्र शेजवलकर आत्ता नको. तेव्हा ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' वाच, ती पार्वतीबाईचीच आहे. नवरा रणात दिसेनासा झाला, देहाची खात्री कुणी देईना, पुढे तर भाऊसाहेबांचा तोतयाही उभा राहिला. अशा बाईच्या मनात वर्षानुवर्षं काय चाललं असेल, ते कागदपत्रांतून फारसं हाती लागत नाही. तिथे कादंबरीकाराकडेच जावं लागतं. तेव्हा सूनबाईंना सांग, कादंबरीनंतर कादंबरी वाचण्यात कमीपणा काही नाही, प्रश्न तसा असला म्हणजे झालं.

परवा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले होते, तिथे हाच विचार डोक्यात होता. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयाचं काम उभं केलं, हे तुला माहीतच आहे. लोखंडी मांडण्या, मजल्यांना जाड काचेच्या फरशा, वरून कुणी चाललं की खाली उभ्या माणसाला त्याच्या पावलांची धूसर सावली दिसते. बॉर्डननं इथल्यासाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धतही बसवली होती. वर्गीकरण लागतंच, त्याशिवाय हजारो पुस्तकांतून एक शोधणार कसं? ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी कादंबरी ८९१.४६३ वर जाते आणि हिंदुस्थानचा इतिहास ९५४ वर. म्हणजे पाटलांचं 'पानिपत' एका टोकाला आणि शेजवलकरांचं दुसऱ्या टोकाला, मधे सगळं जग. पण हे आकडे पुस्तक सापडावं म्हणून घातलेले आहेत. काय वाचावं हे त्यांना विचारायला जाऊ नये. त्या काळी संस्थानातल्या खेड्यांना फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटी गावात आली की लोकांच्या हाती त्यातलं पुस्तक पडत असे. मला ते चित्र फार आवडतं.

आता एक जोडी सांगते, जी गेल्या पावसाळ्यापासून माझ्या मनातून जात नाही. बाबासाहेब आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे लहानसं आत्मकथन मी वाचलं. थोड्या पानांचं आहे. त्यातला एक मोठा भाग आपल्या गावातला आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेला गेले, पुढे लंडनला, आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेच्या माडीवर राहिले. बाजूच्या दालनात मोडकं सामान, अंधार, कंदिलाचा मिणमिणता उजेड आणि वटवाघळं. बोलायला माणूस नाही, म्हणून वाचत राहिले, एकटेपण विसरेपर्यंत वाचत राहिले, असं ते लिहितात. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत निघताना ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं परत करायला उचलत होते, तोच जिन्यावर पावलं वाजली. काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर बघ, असं सांगून गेले.

कुमुद, त्या पुस्तकांपाशी मी अडले. आयुष्यभर याच गावातल्या वाचनालयांतून पुस्तकं आणली आणि परत केली. हातात परत करायची पुस्तकं घेऊन दारात उभा असलेला तो पंचविशीतला विद्वान मला आता तिथल्या प्रत्येक पायरीवर दिसतो. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. एकटं पडलेलं लेकरू आठवतं तसे आई-वडील त्यांना आठवले. आपण लहानपणी जिथे डबे उघडून बसायचो, तीच बाग.

हे वाचून झाल्यावर माझ्या कागदावरचं वाक्य असं होतं : नाव लपवून राहणाऱ्या माणसाच्या अंगावर तो प्रत्येक दिवस कसा जात असेल? आंबेडकर तिथे फार बोलत नाहीत. कोण आलं, काय म्हणालं, मी कुठे गेलो, एवढं सरळ सांगतात. साक्ष द्यावी तसं. त्यांना तेवढंच सांगायचं होतं आणि त्या संयमामुळेच ते खोल जातं. पण माझं वाक्य त्यानं सुटलं नाही. म्हणून मी बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३चा कथासंग्रह काढला. नावाची कथा पुन्हा वाचली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण सुरतेजवळच्या उधन्याला येतो आणि खोली शोधतो. तोच प्रश्न, आपल्याच मुंबईच्या रेल्वेमार्गावरचं गाव. इथे साक्षीदाराचा संयम नाही. तो तरुण स्वाभिमानानं ताठ चालतो, मग घाबरतो, पुन्हा ताठ होतो, आणि वाचताना आपलीच पाठ आखडते. सत्य उघडं पडल्यावर त्याला मार बसतो, तो वाचता वाचता मी पुस्तक पालथं ठेवून उठले होते. आंबेडकरांच्या लेखनानं मला घडलेलं दाखवलं. बागुलांनी ते माझ्या अंगावर आणलं. एक खरं, दुसरं रचलेलं, अशी तुलना करावी असं मला वाटेना. दोन्ही वाचल्याशिवाय मला ती बाग कळली नसती.

त्यातून निघालेलं पुढचं वाक्य होतं, अशा घरात आई काय सांगत असेल. म्हणून आता दया पवारांचं 'बलुतं' उशाशी आहे. १९७८चं आत्मकथन. म्हणजे बघ, आत्मकथन, कथा, पुन्हा आत्मकथन. हा क्रम मी ठरवला नव्हता.

प्रत्येक वेळी एवढी रांग लागतेच असं नाही. काही पुस्तकं संपतात आणि मागे काहीच उरत नाही, ती देऊन टाकावीत. आणि काही वेळा माणूसच दमलेलं असतं. सासूबाईंच्या उशाशी तुझी रात्रीची जागरणं चालू आहेत, तेव्हा शेजवलकर वाचणं जमायचं नाही, हे मला कळतं. त्या वेळेसाठी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' जवळ ठेव. १९५६चं पुस्तक, महिन्यांप्रमाणे लिहिलेलं. चालू महिन्याचं प्रकरण तेवढं वाचायचं, एका रात्री दोन पानं. मग दिवसा खिडकीतून बाहेर बघितलंस की समोरचं झाड नव्यानं दिसेल. सलग वाचायचा हट्ट धरू नकोस, ते पुस्तक महिनोन् महिने पुरवायचं असतं.

तुमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या पुस्तकावरून दर वेळी मतं पडतात आणि निम्म्या बायका रुसतात, असं तू लिहिलंस. तुम्ही एका पुस्तकावर एकमत करायचं सोडा. एक विषय घ्या आणि दोन पुस्तकं. महाभारत घेतलंत तर शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त'. दोन्ही १९६७ची. निम्म्या जणींनी एक, निम्म्यांनी दुसरं वाचायचं आणि मग कर्णावर बोलायचं. इरावतीबाई कर्णाकडे हळहळ न बाळगता बघतात. 'मृत्युंजय' वाचून डोळे पुसणाऱ्या बायका त्यांच्यावर चिडतील, आणि तो वाद ऐकायला मी खास नाशिकला येईन. दोन्ही वाचणारीनं मात्र आधी 'मृत्युंजय'च वाचावं. उलट केलं तर कादंबरीतला कर्ण मनात शिरत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक हातात आल्यावर घ्यावं की ठेवावं, याचं माझं गणित सोपं आहे. इतिहासाचं असेल तर लेखक पुरावा कुठला ते सांगतो का, आणि पुरावा अपुरा असेल तिथे तसं म्हणतो का, हे मधलं एखादं प्रकरण उघडून बघते. जिथे सगळंच ठाम आहे ते पुस्तक मी ठेवून देते. कादंबरी असेल तर दोन माणसं बोलताहेत असं पान काढते. दोघं एकाच आवाजात बोलत असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे का बघते. ज्या प्रकाशकाला त्याची कदर आहे, तिथे भाषेचीही कदर असते बहुधा.

एक काम तुझ्याकडे. बागुलांची माझी प्रत फार जीर्ण झाली आहे, पानं सुटली आहेत. ते तुमच्या नाशिकचेच, विहितगावचे. तुमचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, तिथे त्यांची इतर पुस्तकं नक्की असतील. 'मरण स्वस्त होत आहे' मिळतंय का बघ आणि तूच आधी वाच. वाचून झालं की मनात काय राहिलं ते एका वाक्यात लिहून पाठव. मी शेजवलकर पुन्हा काढून ठेवले आहेत. तू घेणार असलीस तर आपण दोघी बरोबरच सुरू करू, म्हणजे अडलं तिथे एकमेकींना विचारता येईल. पण भाऊ की पार्वतीबाई, ते आधी कळव.

सासूबाईंना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी,
विजू