चुलीच्या धुराची नोंद होते, पुढे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

आपल्या खात्याच्या आशाताई तिशीपुढील माणसांची असंसर्गजन्य आजारांसाठी जी तपासणी-सूची भरतात, तीत स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, असा प्रश्न आहे. लाकूड, काडीकचरा, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल, गॅस असे पर्यायही दिलेले आहेत. प्रश्न योग्यच आहे, माझे म्हणणे त्याच्या उत्तराविषयी आहे.

विदर्भातल्या कापूसपट्ट्यात अनेक घरांत उज्ज्वलाची शेगडी आहे, पण तिच्यावर चहा होतो. भाकरी आणि अंघोळीचे पाणी पऱ्हाट्या-तुराट्यांवरच, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्यांवर. पावसाळ्यात सरपण ओले असले की जाळ धरेपर्यंत बाई फुंकणी घेऊन बसते, खोली धुराने भरते आणि तान्हे मूल बहुधा तिच्या मांडीवरच असते. २०१६ पासून जोडण्या गावोगाव पोहोचल्या हे नाकारता येणार नाही, आणि अन्नपूर्णा योजनेत राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले तेही चांगलेच झाले; मात्र पाच-सहा माणसांच्या घराला तीन टाक्या वर्षभर पुरत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हवेतील अतिसूक्ष्म कण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चूल पेटलेल्या कोंदट खोलीत ते कित्येक शेकड्यांत जातात. घरातील अशा धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले पाच वर्षांखालची होती. मुलांना न्यूमोनिया, गरोदरपणी धूर सोसलेल्या आईला कमी वजनाचे बाळ, मोतीबिंदू, आणि जन्मात बिडी न ओढलेल्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. या शेवटच्या आजाराचे निदान स्पायरोमेट्रीशिवाय, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या तपासणीशिवाय, पक्के होत नाही. ती झाली नाही तर दम लागणे ‘वयाचे’ ठरते आणि बाई खोकल्याची बाटली घेऊन घरी परतते.

म्हणून विनंती अशी की, सूचीत चूल आणि जुना खोकला किंवा दम अशी दोन्ही उत्तरे आली की त्या व्यक्तीची स्पायरोमेट्री प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी व्हावी, इनहेलर तिथेच मिळावेत, गरोदर मातेच्या नोंदीतही इंधनाचा रकाना असावा, आणि चुलीवरच्या घरांची गावनिहाय संख्या अन्न व नागरी पुरवठा विभागाकडे दर तिमाहीला जावी, म्हणजे जादा सिलिंडर आधी कुठे द्यायचे हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

कळावे,
ग्रामीण भागातील एक आरोग्य कार्यकर्ती