अँटिबॉडी पॉझिटिव्ह, पण कोणाच्या?

संपादक महोदय,

नवजात बाळाचा कोविड अँटिबॉडी अहवाल पॉझिटिव्ह आला की घरचे हादरतात आणि कधीकधी बाळाला आईपासून वेगळेही ठेवले जाते. बहुतेक वेळा ही घाई चुकीची असते.

आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आईच्या रक्तातून वारेवाटे (प्लासेंटा) बाळाकडे जातात, त्यातही मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत. आईला संसर्ग होऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर ठणठणीत बाळाचीही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. आयजीएम हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार वार ओलांडत नाही, म्हणून ते सापडले तर बाळालाच संसर्ग झाल्याची शंका घ्यावी; मात्र त्या चाचणीतही खोटे पॉझिटिव्ह येतात. चालू संसर्गाचे निदान थेट विषाणू शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीने करावे. जन्मल्याबरोबर घेतलेल्या स्वॅबमध्ये आईच्या स्रावांतला विषाणू येऊ शकतो. त्यामुळे बाळाला स्वच्छ पुसून जन्मानंतर 24 तासांच्या सुमारास स्वॅब घ्यावा आणि निगेटिव्ह आल्यास बाळ 48 तासांचे झाल्यावर पुन्हा.

गर्भातच लागण होते, पण विरळा. 2020 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात जन्मलेल्या एका बाळाच्या नाकातील स्वॅबबरोबर नाळेत आणि वारेतही विषाणू सापडला, तेव्हा कुठे तसा निष्कर्ष काढता आला. नुसत्या रक्तचाचणीवर तो काढता येत नाही.

पीसीआर निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह, शिवाय हृदयाचे ठोके अनियमित आणि रक्तात दाहाच्या खुणा, असे बाळ मात्र गंभीर समजावे. आईच्या प्रतिपिंडांशी संबंधित दाहविकाराची अशी उदाहरणे भारतातून नोंदली गेली आहेत. तरीही आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) करून जंतुसंसर्ग तपासायलाच हवा. अँटिबॉडीच्या कागदावर दाह दाबणारे स्टिरॉइड सुरू झाले आणि खरा आजार सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) निघाला, तर बाळ हातचे जाते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईकडून आयजीजी कमी मिळते, त्यामुळे त्याला जास्त जपावे. चीक कोणत्याही बाळाचा तोडू नये. आईच्या दुधातली आयजीए या आणखी एका प्रकारची प्रतिपिंडे नाका-घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर काम करतात. बाधित आईनेही मास्क लावून, साबणाने हात धुऊन अंगावर पाजावे. ती फारच थकली असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे. बाळाच्या तोंडावर मास्क कधीच नको, श्वास कोंडतो.

ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त, मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, दूध न ओढणे, यांपैकी एक जरी दिसले तरी घरी वाट न पाहता बाळाला रुग्णालयात न्यावे.

— एक नवजात शिशुतज्ज्ञ, पुणे