कृष्णविवरं की न्यूट्रॉन तारे?

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

पीएचडीला संगणकावर कृष्णविवरांच्या टकरी उभ्या करू की न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, असं विचारलंस. माझं मत न्यूट्रॉन ताऱ्यांना.

कृष्णविवरं सोपी होती असं नाही. आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं १९१५ सालची. हान आणि लिंडक्विस्ट यांनी १९६४ मध्ये ती संगणकावर सोडवायचा पहिला प्रयत्न केला, आणि एकमेकांभोवती फिरत विलीन होणारी कृष्णविवरांची जोडी अखेरपर्यंत चालवायला फ्रान्स प्रिटोरियस या शास्त्रज्ञाला २००५ उजाडलं. मधली चाळीस वर्षं कोड कोसळतच होते. इवलीशी चूक पायरीगणिक फुगायची आणि आकडे हाताबाहेर जायचे. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. पण तो डोंगर आता चढून झाला आहे.

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा कोसळून उरलेला घट्ट गोळा. त्यात पदार्थ आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. सूर्याहून जास्त वस्तुमान, रुंदी जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. आतला पदार्थ दाबला तर किती विरोध करतो, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. दोन तारे जवळ आले की एकमेकांना ओढून लांबट करतात, आणि ते किती लांबट झाले याची खूण गुरुत्वीय लहरींत, म्हणजे त्यांच्या फिरण्यातून अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांत, उमटते. ती वाचायची तर आधी सिम्युलेशन, म्हणजे टकरीची संगणकावरची नक्कल, हवं. त्यात चुंबकीय क्षेत्र आलं, न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण आले. १७ ऑगस्ट २०१७ ला अशा टकरीच्या लहरी पोचल्या, १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला, पुढे दुर्बिणींना जड मूलद्रव्यं घडताना दिसली. टकरीनंतर उरलेला गोळा किती वेळ टिकला, यावर अजून वाद आहे. तुझ्यासाठी एवढं काम शिल्लक आहे, बाळ!

मात्र घाई करू नकोस. गणितासाठी अवकाशावर टाकलेलं जाळं, म्हणजे ग्रिड, दुप्पट बारीक केलं की तीन दिशा आणि काळ मिळून गणित सोळापट वाढतं. महासंगणकावरचा वेळ मिळता मिळत नाही, म्हणून ग्रिड बारीक करून उत्तर पडताळायची ही तपासणी टाळायचा मोह होतो. टाळू नकोस. आयुष्यभर अंकीय पद्धती शिकवल्यात, तेव्हा एवढं हक्कानं सांगते: ग्रिड बदलल्यावर उत्तर हलत असेल, तर चित्र कितीही देखणं असलं तरी ते उत्तर नव्हे.

आधी एकच, न फिरणारा तारा चालवून बघ. गणितातल्या बारीक चुकांमुळे तो किंचित थरथरेल; ग्रिड बारीक केल्यावर थरथर घटायला हवी. तो आलेख मला पाठव.

तुझी,
आई