बाबांचा उजवा डोळा आणि बापूंचे रंग

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. अक्षर मुद्दाम ठसठशीत काढलंय, तरी तूच वाच. फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा बाबांनी "घे, आईशी बोल" म्हणत फोन तुझ्या हातात दिला.

आधी ठरलंय ते सांगते. पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला बाबांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, इथं पुण्यात. सगळं नीट असलं तर चार आठवड्यांनी डावा डोळा. तोवर तुम्ही दोघं माझ्याकडे राहायचं. दादाशी बोलणं झालंय, तो १० तारखेला गाडी घेऊन कोल्हापूरला येईल. तुम्हाला न विचारता तारीख घेतली, हे मला मान्य आहे. विचारलं असतं तर पुन्हा "पावसाळा सरू दे", मग "दिवाळी होऊ दे", असं झालं असतं. दोन वर्षं तेच चाललंय बाबा. परवा आईनं सांगितलं की सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी, असं चार दिवस झालं. त्याच रात्री मी ठरवलं. मला दुसरा रस्ता दिसला नाही.

तात्यांच्या डोळ्याचं तुमच्या मनात आहे, ते मला ठाऊक आहे. आई बोलली नसती तरी मला कळलं असतं. पण तो काळ वेगळा होता. तेव्हा डोळ्याला टाके घालायचे आणि माणसाला दिवसचे दिवस उताणं झोपवून ठेवायचे. आता डोळा बधिर करायला नुसते थेंब घालतात, बारीकशा छेदातून गढूळ झालेलं भिंग काढतात आणि घडी केलेलं नवं भिंग आत सोडतात. ते आत गेल्यावर आपोआप उघडतं. वीसेक मिनिटांचं काम. त्याच दिवशी तुम्ही घरी याल, आणि मी सगळा वेळ दाराबाहेर असेन.

आता जे लिहायला खरं म्हणजे बसले ते.

दिवाळीत मी जे बोलले, ते मी बोलायला नको होतं. टीव्हीवर आपल्या बापूंचा, व्ही. शांतारामांचा, 'पिंजरा' लागला होता, काका-काकू होते, पोरं होती. तुम्ही म्हणालात, "याला रंगीत म्हणतात? सगळं गढूळ पाणी. प्रभात फिल्म कंपनी सोडली आणि बापू संपले." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, सिनेमा गढूळ नाही, तुम्हाला दिसत नाहीये." तुम्ही काही बोलला नाहीत. तांब्यातलं पाणी प्यायलात आणि गच्चीवर गेलात. तुमच्या चपलांचा आवाज जिन्यावर एकेक पायरी चाचपत गेला, तो मला अजून ऐकू येतो. वाक्य खरं असेल, पण ते तसं, तिथं, त्या आवाजात बोलायचा मला हक्क नव्हता. माफ करा.

त्यानंतर मी एक केलं. शांतारामबापूंचे १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'नंतरचे जे मिळाले ते सगळे सिनेमे क्रमानं पाहिले. दीड महिना रोज रात्री जेवण झाल्यावर तेच. तुमच्याशी भांडायला नव्हे. लहानपणापासून या घरात एक बाजू तुमची आणि एक आईची. मी कायम तुमच्या बाजूनं, कारण तुम्ही मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून खरी कॉर्नरला न्यायचात आणि कॅमेऱ्याचा मानस्तंभ दाखवत म्हणायचात, "आपल्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवला, आणि त्यांच्या हाताखाली बापू शिकले." तुमच्या तोंडून 'कुंकू' मी सिनेमा पाहण्याआधी पाहिला होता. पार्श्वसंगीत नाही, नुसते घरातले आवाज, त्यात शांता आपटेची नीरा आणि केशवराव दात्यांचा तो म्हातारा नवरा. १९३७ साली! 'माणूस', 'शेजारी'... त्या धरणाखाली हातात हात घेऊन संपलेले दोन मित्र तुम्ही सांगायचात तेव्हा तुमचाच आवाज जायचा. आणि हिंदी 'अमृतमंथन'मधला चंद्रमोहनचा पडदाभर एकच डोळा. तो दाखवताना तुम्ही स्वतःचा डोळा एवढा मोठा करायचात की मी आईच्या पदरात शिरायचे.

त्या मापानं मोजलं तर पुढचं बरंच काही उणं पडतं, यात तुमचं बरोबरच आहे. 'स्त्री'मध्ये साठीचे बापू स्वतः दुष्यंत झाले, त्याची बाजू मला घेता येत नाही. 'शकुंतला' १९४३ साली एकदा मनासारखी करून झाली होती, तीच पुन्हा रंगात करायचं कारण सापडत नाही. 'सेहरा' गाण्यांसाठी पाहावा, 'पंख होते तो उड आती रे' लागलं की उठवत नाही, पण गाणं संपलं की वाळवंट फार लांब पसरतं. 'जल बिन मछली' मी दोन बैठकांत संपवला. 'गीत गाया पत्थरों ने'मध्ये किशोरीताई आमोणकरांचा आवाज आहे, तेवढ्यावर बाकीचं माफ. संध्याचं, त्यांच्या नेहमीच्या नायिकेचं, नाव निघालं की तुम्ही मान हलवता तेही समजतं. एकच चेहरा इतकी वर्षं मध्यभागी ठेवला की बाकीची माणसं भिंतीला लागतात.

पण 'नवरंग'चं तुम्ही चुकताय बाबा.

'दो आँखें'मधली ती बैलाशी झुंज आठवते? तिथं बापूंच्या डोळ्याला मार बसला आणि पुढं कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी होती. पुन्हा दिसेल का, याचीच धास्ती. त्या अंधारात त्यांना रंग दिसत राहिले, आणि पट्टी निघाल्यावर १९५९ साली 'नवरंग' आला. सिनेमाच्या सुरुवातीला ते स्वतः पडद्यावर येऊन हे सांगतात. ते आपण दरवेळी बोलण्यात घालवत होतो. "भडक आहे," तुम्ही म्हणता. आहेच. पण ज्याला वाटलं होतं की आता काहीच दिसणार नाही, तो माणूस मोजूनमापून रंग लावील का? 'अरे जा रे हट नटखट' मी यावेळी तीनदा पाहिलं. एकच संध्या, पुढून बाई आणि वळली की पाठीमागून पुरुष, आणि त्या वळण्यात कुठं खाच नाही. सी. रामचंद्रांची चाल, तो गुलाल. आई पंचवीस वर्षं सांगत होती की हा आनंद आहे, आणि आपण दोघं तिला म्हणत होतो की हा सोस आहे. आई, तुझं बरोबर होतं. संध्या गेल्या तेव्हा तू फोन केलास आणि नुसतं "गेली गं" एवढंच म्हणालीस, तेव्हा मी कामात होते, "हो गं" म्हणून फोन ठेवला. त्याचीही मला बोच आहे.

आणि आता 'पिंजरा'. त्याचं मी जरा सावकाश सांगते.

'दो आँखें'मधला जेलर आदिनाथ नुसत्या नजरेवर सहा कैदी सुधारतो. १९६७ साली 'बूँद जो बन गयी मोती' आला, त्यात जितेंद्र मास्तर आहे, पोरांना घेऊन डोंगरदऱ्यांत 'ये कौन चित्रकार है' म्हणतो. पुन्हा तोच सज्जन, निष्कलंक माणूस. आणि १९७२ साली, सत्तरी ओलांडलेले बापू तसाच एक मास्तर घेतात आणि त्याला फडावर नेतात. ज्यानं तमाशा गावाबाहेर हाकलला, तो तमाशातल्या बाईच्या मागं जातो, फडात हरकाम्या होतो, गाव त्याला मेलेला समजतं, आणि शेवटी तो स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर जातो. कारण गावात त्याचा पुतळा उभा आहे आणि तो पडू द्यायचा नाही. श्रीराम लागूंचा तो चेहरा... खरं म्हणजे कानाघशाचा डॉक्टर, पण पडद्यावर उभा राहिला की मला शाळेच्या ओट्यावरचे तुम्ही दिसता. संवाद लिहिणाऱ्या शंकर पाटलांची भाषा तर आपल्याच कोल्हापूरकडची, तुम्हीच मला त्यांच्या कथा वाचायला दिल्यात. खेबुडकरांची गाणी, राम कदमांची ढोलकी, निळू फुले. ज्यानं आयुष्यभर आदर्श माणसं उभी केली, त्यानं म्हातारपणी विचारलं की या माणसाचा तोल गेला तर काय होईल? 'प्रभात'मधल्या तरुण बापूंना हे विचारता आलं नसतं असं मला वाटतं. त्यांचा तेव्हा आपल्या माणसांवर फार विश्वास होता. मला विचाराल तर 'कुंकू'च्या शेजारी ठेवावा असा हा सिनेमा आहे, लांबीसकट, भडकपणासकट.

बाबा, रागावू नका. मला वाटतं दिवाळीत तुम्हाला रंग खुपत नव्हते. मास्तर खुपत होता. तुम्ही एकतीस वर्षं शाळेत काढलीत, अजून मंडईत माणसं पिशव्या खाली ठेवून पाया पडतात. अशा माणसाला पाय चाचपत जिना चढावा लागतो हे गावाला दिसू नये, असं तुम्हाला वाटत असेल तर ते मला कळतं. पण आम्हाला दिसलं तर चालेल. मी पुतळ्याची मुलगी नाही, तुमची आहे. मला ताप आला की रात्रभर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलणाऱ्या माणसाची.

'पिंजरा' २०१६ साली साफ करून, डिजिटल होऊन पुन्हा थिएटरला लागला होता. त्या रात्री टीव्हीवर तोच होता, रंग स्वच्छ होते. मोतीबिंदूत डोळ्यापुढं पिवळट-तपकिरी काच धरल्यासारखं होतं, पांढरं मळकं दिसतं आणि निळा तर सगळ्यात आधी मरतो. हे मी दुसऱ्या दिवशी पाडव्याला ओळखलं. आई तिची निळी इरकल नेसून ओवाळायला आली आणि तुम्ही म्हणालात, "ही राखाडी कधी घेतलीस?" आई काहीच बोलली नाही. तिनं निरांजन जरा उंच धरलं, बस. त्या साडीला तुम्ही स्वतः दुकानात जाऊन पसंत केलं होतं.

आता इथल्या सोयीचं. तुम्हाला रस्त्याकडची खोली दिलीय, सकाळी ऊन येतं. लिफ्ट आहे, लाइट गेली तरी जनरेटरवर चालते. संडासात कमोड आहे, बाजूला धरायला दांडी लावून घेतलीय. पहाटे पाचचा चहा मी करीन, त्यासाठी आईला उठायचं नाही. रंकाळ्याइतकं मोठं काही नाही, पण सोसायटीतल्या बागेला सहा फेऱ्या मारल्या की तुमचं फिरणं होतं. पेपर मी वाचून दाखवेन, अग्रलेखासकट. तांबडा-पांढरा रस्सा मला तुझ्यासारखा जमत नाही आई, पण तू नुसती खुर्चीवर बसून सांग.

आणि हे ऐकायचंच आहे, यात वाद नको. बीपीची गोळी चुकवायची नाही, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तसं. साखर या आठवड्यात तपासून मला आकडा कळवा. स्कूटरची किल्ली आजच दादाकडे द्या. ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही, वाकून काही उचलायचं नाही, डोक्यावरून आंघोळ डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. थेंब महिनाभर तरी चालतील, वेळा मी भिंतीवर लिहून ठेवल्यात, घालणार मीच. हे सगळं तुम्हाला लहान मुलासारखं सांगतेय असं वाटेल. तुम्हीच मला असं सांगायचात, दहावीच्या परीक्षेला निघताना, दारात उभं राहून, दोनदा.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी टीव्हीला परवानगी दिली की आपण 'नवरंग' लावू. तुम्हाला तरीही भडक वाटला तर मी मान्य करीन. पण आधी बघा. 'पिंजरा' दुसरा डोळा झाल्यावर.

आई, कांदा-लसूण चटणीची बरणी घे, बाबांचा जुना चष्मा आणि सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत घे. गॅसचा कॉक बंद करून शेजारी किल्ली दे, तुळशीला पाणी घालायला सांग. आणि ती निळी इरकल आण. बॅगेत सगळ्यात वर ठेव, खाली दाबू नकोस. पट्टी १३ तारखेला सकाळी काढणार आहेत.

तुमची,
धाकटी